ऐकणं आणि तोल: एकाच पेशीची दोन कामं

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे जरा नीट पाहा. मागून डावीकडे हॉर्न वाजतो आणि त्याची मान झटकन तिकडे वळते. मान वळत असतानाही समोरून येणाऱ्या पीएमपीच्या बसवरची पाटी त्याला वाचता येते, अक्षरं पुसट होत नाहीत. तेवढ्यात पाय खड्ड्यात जातो, पण तो पडत नाही, अंग आपोआप सावरतं. हॉर्न कुठून आला हे कानाने सांगितलं, यात कुणाला नवल वाटणार नाही. पाटी वाचता आली आणि पडणं टळलं तेही बऱ्याच अंशी कानामुळेच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

ही दोन्ही कामं कळायला एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. आतल्या कानात एका खास प्रकारच्या पेशी आहेत, त्यांना केशपेशी म्हणतात. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असतो. तो एका बाजूला वाकला की पेशीत विजेचा बारीकसा बदल होतो आणि जवळच्या मज्जातंतूला इशारा जातो, उलट बाजूला वाकला की इशारा मंदावतो. कानाचं सगळं काम याच क्रियेवर उभं आहे. केस हवेतल्या आवाजामुळे वाकले तर आपण ऐकतो आणि डोकं हलल्यामुळे वाकले तर तोल सांभाळतो. बाकीचा कान म्हणजे योग्य वेळी योग्य झुबका वाकावा यासाठी केलेली व्यवस्था.

बाहेरच्या कानावर फार वेळ घालवायला नको. पाळीच्या घड्यांमुळे आवाज वरून आला की खालून, समोरून की पाठीमागून, हे ओळखायला मदत होते. तिथून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची. तिच्या लांबीमुळे ३,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन हजार कंपनांच्या, आसपासचे आवाज आपोआप थोडे मोठे होतात, आणि बोलणं स्पष्ट कळायला नेमका तोच पट्टा उपयोगी पडतो. नळीच्या बाहेरच्या भागात मळ तयार होतो. तो धूळ अडवतो, त्वचा ओलसर ठेवतो आणि त्वचेच्या सरकण्याबरोबर हळूहळू स्वतःच बाहेर येतो. काडी किंवा बड घातला की तो उलटा आत ढकलला जातो आणि पडद्याशी घट्ट बसतो. बाळाच्या कानात कोमट तेल घालायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यामागच्या आजीच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण कानाला त्या तेलाची गरज नसते, आणि पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं. ही पद्धत आता खरंच थांबायला हवी.

पडद्याच्या पलीकडे गोष्ट रंगत जाते. आतला कान द्रवाने भरलेला आहे, आणि हवेतला आवाज द्रवाच्या पृष्ठभागावर आदळला तर त्याची जवळजवळ ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. टिळक टँकमध्ये बुडी मारल्यावर काठावरच्या माणसांचं बोलणं जवळपास नाहीसं होतं ते याचमुळे. मग हवेतला आवाज आतल्या द्रवापर्यंत पोचवायचा कसा? त्यासाठी मधल्या कानात तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकिबीचा तळवा आतल्या कानाच्या खिडकीवर दाब देतो. पडद्याचं काम करणारं क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या तळव्याचं जेमतेम तीन-सव्वातीन. तेवढाच जोर सतरापट लहान जागेवर पडला की दाब सतरापट होतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी थोडी भर पडते आणि एकूण दाब वीस-बावीसपट वाढतो. वाया जाणाऱ्या आवाजातला बराचसा भाग अशा तऱ्हेने वसूल होतो. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, सुमारे तीन मिलिमीटरचं. आणि हातोडी व ऐरण ही एके काळी जबड्याची हाडं होती! सरपटणाऱ्या पूर्वजांमध्ये ज्या हाडांवर जबडा उघडमीट व्हायचा, ती सस्तन प्राण्यांमध्ये लहान होत कानात सरकली. जीवाश्मांमध्ये या प्रवासाचे मधले टप्पेही सापडले आहेत.

मधल्या कानात हवा असते, आणि ती ताजी ठेवायला तिथून घशाच्या वरच्या भागापर्यंत एक नळी जाते. पुण्याहून मुंबईला निघालं की बोरघाट उतरताना कानाला दडे बसतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. खाली उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, आतला मात्र तेवढाच राहतो, आणि पडदा आत ओढला जातो. आवंढा गिळला की ती नळी क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीबरोबर त्यांचे कान लगेच दुखायला लागतात.

आता आतल्या कानात शिरू. अडीच वेढे घेतलेली एक नळी, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा थोडी मोठी. हिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या लांबीभर एक पातळ पट्टी ताणलेली आहे. रिकिबीजवळच्या टोकाला ती अरुंद आणि ताठ असते आणि दुसऱ्या टोकाकडे रुंद आणि सैल होत जाते. आवाज आला की द्रवातून या पट्टीवर एक लाट धावते. ती वाढत वाढत एका जागी सगळ्यात उंच होते आणि मग विरून जाते. बारीक, उंच आवाजाची लाट सुरुवातीलाच शिखर गाठते, तर खर्जाची लाट थेट टोकापर्यंत पोचते. जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने मृत माणसांच्या कॉक्लियात ही लाट प्रत्यक्ष पाहिली आणि मोजली. त्याबद्दल त्यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं.

थोडक्यात, स्वराची उंची कानात जागेच्या रूपाने मांडली जाते, आणि ही मांडणी संगीत ऐकणाऱ्याला फार आवडेल अशी आहे. एका सप्तकातून वरच्या सप्तकात गेलं की कंपनांची संख्या दुप्पट होते. आकड्यांत पाहिलं तर सप्तकं वर जाताना रुंद होत जातात, पण या पट्टीवर जवळपास प्रत्येक सप्तकाला सारखीच जागा मिळते, काही मिलिमीटरची. खर्जाच्या टोकाला ही मांडणी थोडी दाटते, एवढाच अपवाद. सवाई गंधर्व महोत्सवात गायक बसण्याआधी तानपुरे जुळवले जातात, तेव्हा एकेका तारेतून मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर एकाच वेळी निघत असतात. कॉक्लिया ते सगळे क्षणात वेगळे करते आणि प्रत्येकाला पट्टीवर त्याच्या जागी पाठवते. तयार कानाला षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो भास नसतो. मूळ षड्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर त्या तारेत खरोखर असतो आणि पट्टीवरच्या त्याच्या जागी तो केस वाकवत असतो.

या पट्टीवर केशपेशींच्या रांगा आहेत. आतली एक रांग सुमारे ३,५०० पेशींची, बाहेरच्या तीन रांगांत मिळून सुमारे १२,०००. मेंदूकडे जाणारी बातमी जवळजवळ सगळी आतल्या रांगेतून जाते. मग बाहेरच्या बारा हजार पेशी कशासाठी? त्या आवाज वाढवतात. आवाज येताच त्यांचं अंग त्याच तालात आखूड-लांब होतं आणि त्या पट्टीला जास्तीचा हेलकावा देतात. आपण ज्या हळू आवाजांना सहज ऐकू येणारे म्हणतो, ते या मदतीशिवाय ऐकूच आले नसते. अगदी पुसट आवाजात पडदा अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो, आणि तरीही आपल्याला ऐकू येतं.

या पेशी हलतात म्हणून त्यांचा स्वतःचाही आवाज होतो, आणि तो उलट वाटेने बाहेर येतो. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये कानात बारीक मायक्रोफोन ठेवून तो पकडला. आज नवजात बाळाचे कान तपासायची सोपी पद्धत यावरच आधारलेली आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडाचं उपकरण ठेवायचं, टिकटिक आवाज सोडायचा आणि कानातून उत्तर येतं का ते पाहायचं. काही मिनिटांचं काम, बाळाला कसलाही त्रास नाही. पुण्यात अनेक रुग्णालयांत ही सोय आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे की घरी बाळ आलं तर ही चाचणी आवर्जून मागा. बाळ टाळीला दचकतं म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण ते टाळीच्या हवेने किंवा हात हलताना पाहूनही दचकतं. भाषा शिकण्याची पहिली वर्षं हातातून गेली की ती भरून काढणं फार अवघड जातं.

आवाजाची दिशा मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून काढतो. डावीकडचा आवाज उजव्या कानात जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. सरावलेला कान तर सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही ओळखतो. एका कानाने कमी ऐकू येणारा माणूस गर्दीत गोंधळतो त्याचं हे मुख्य कारण आहे. आवाज त्याला येतो, पण कुठून येतो ते उमगत नाही.

केशपेशींबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची आहे. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कॉक्लियात येत नाहीत. जन्मतः मिळालेल्या साडेतीन हजार आणि बारा हजार, त्याच आयुष्यभर पुरवायच्या.

आणि इथे पुण्यातल्या प्रत्येकाने थांबून विचार करावा असा विषय येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत, आणि त्यांच्या नोंदींमध्ये शंभराच्या पुढचे आकडे पुन्हा पुन्हा दिसतात. पंचावन्न आणि शंभर यांतला फरक दुपटीहून कमी वाटतो, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात ५५ डेसिबलपेक्षा सुमारे तीस हजारपट ऊर्जा असते. कामगारांच्या सुरक्षेसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. मिरवणूक तर तासन्‌तास चालते, आणि ढोल-ताशा पथकातली मुलंमुली त्याआधी कित्येक आठवडे नदीकाठी रोज सराव करत असतात.

ढोल-ताशा ऐकताना अंगावर काटा येतो तो माझ्याही येतो, आणि ती परंपरा टिकावी असंच मला वाटतं. म्हणूनच पथकांनी कानात बोंडं घालणं गणवेशाइतकं सक्तीचं करावं. नीट बसलेली बोंडं आवाज पंधरा ते तीस डेसिबलनी कमी करतात, आणि ताल तरीही स्पष्ट ऐकू येतो. तान्ह्या बाळांना तर स्पीकरच्या भिंतीजवळ नेऊच नये. कानाला स्वतःचा बचाव थोडाफार करता येतो. मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि तिची हालचाल कमी करतो. पण त्याला काही शतांश सेकंद लागतात. फटाक्याचा बार तेवढ्यात आत पोचलेला असतो.

मिरवणुकीनंतर कानात गुंई आवाज येतो, दोन दिवसांत तो जातो आणि माणूस म्हणतो, झालं बरं. उंदरांवरच्या संशोधनातून २००९ मध्ये असं पुढे आलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले असू शकतात. आधी बिघडतात त्या बहुधा उंच स्वरांच्या पेशी, रिकिबीजवळच्या. वय झाल्यावर होणारी बहिरेपणाची सुरुवातही तिथूनच होते. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा उंच पट्ट्यात असते, स्वरांची खालच्या. त्यामुळे मंडईत भाजीवाली 'साठ' म्हणते आणि आजोबांना 'आठ' ऐकू येतं. त्यांच्याशी ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, हरवलेला 'स' काही परत येत नाही. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोललेलं त्यांना कितीतरी जास्त कळतं.

आता तोल. आतला कान ज्या हाडात बसलाय, ते शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड मानलं जातं. इतकं घट्ट की हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए मिळवायचा असेल तर संशोधक आधी हेच हाड शोधतात. आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी हरियाणात राखीगढीला उत्खनन केलं, आणि तिथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा जनुकीय आराखडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शोधातही या हाडाची मदत झाली.

या हाडाच्या आत कॉक्लियाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, एकमेकींशी जवळपास काटकोनात. त्यातली एक आडवी, दोन उभ्या. पाणी भरलेली पोकळ काचेची बांगडी हातात धरून चटकन फिरवली तर बांगडी फिरते, पण आतलं पाणी क्षणभर जागच्या जागी राहू पाहतं. नलिकेत नेमकं हेच होतं. मागे रेंगाळलेला द्रव वाटेतल्या एका मऊ पडदीला ढकलतो, पडदीत रुतलेले केशपेशींचे झुबके वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं या दिशेला, इतक्या वेगाने वळलं. तीन दिशांना तीन नलिका, म्हणून कुठलीही वळणं सुटत नाहीत. फुगडी थांबल्यावर जग फिरत राहतं, कारण आपण थांबलो तरी नलिकेतला द्रव अजून वाहत असतो.

याशिवाय युट्रिकल आणि सॅक्यूल नावाच्या दोन पिशव्या आहेत. त्यांत केसांवर एक चिकट थर आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. डोकं कललं की वजनदार कण एका बाजूला सरकतात आणि केस वाकतात. डोळे मिटूनही आपल्याला वर-खाली कळतं आणि लिफ्ट निघाल्याचं जाणवतं ते यांच्यामुळे.

नलिकांकडून डोळ्यांच्या स्नायूंकडे जाणारी वाट इतकी छोटी आहे की डोकं उजवीकडे वळल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत डोळे तितकेच डावीकडे वळतात. हे घरी करून पाहता येतं. वर्तमानपत्र समोर धरा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं वाचता येतील. आता डोकं स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने वर्तमानपत्र हलवा, सगळं पुसट होईल. चौकातल्या माणसाला बसची पाटी वाचता येते ती अशी.

ही वाट पाण्यानेही जागी करता येते. कानात कोमट किंवा गार पाणी सोडलं की नलिकेतला द्रव तापमानामुळे वाहू लागतो आणि बसल्याजागी गरगरतं. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी यातून कानाच्या तोलाची चाचणी तयार केली. त्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते पहिल्या महायुद्धात पकडले जाऊन रशियाच्या ताब्यात होते.

चक्कर आली की आपल्याकडे पित्त, बीपी किंवा मानेचा मणका यांच्यावर ठपका येतो. पण अंथरुणात कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं होत असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. युट्रिकलमधले कण सुटून एखाद्या नलिकेत, जास्त करून मागच्या, शिरलेले असतात. डोकं हललं की ते घरंगळतात, द्रवाला ढकलतात आणि मेंदूला खोटीच फिरकी कळते. यावर बहुतेक वेळा गोळ्यांची गरज पडत नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर रुग्णाला आडवं करून डोकं ठरावीक क्रमाने वळवतात आणि कण परत पिशवीत नेऊन सोडतात. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एपली यांची ही पद्धत काही मिनिटांची, आणि बऱ्याच जणांना पहिल्याच खेपेला बरं वाटतं. मानेचा पट्टा लावून महिनोन्‌महिने काढणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. मात्र चक्करेबरोबर बोलणं अडखळणं, एक हात-पाय लुळा पडणं, एकाची दोन दिसणं किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे मिनिटही घालवू नये. तसंच एका कानाचं ऐकू येणं एका दिवसात एकदम कमी झालं तर मळ असेल म्हणून आठवडा काढू नका. उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच चांगले लागू पडतात.

काही औषधं केशपेशींवर थेट घाला घालतात. क्षयरोगावर दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं त्यांतली एक. दोन्ही कानांतल्या तोलाच्या पेशी गेल्या की माणसाला चालताना समोरची पाटी हलताना दिसते आणि अंधारात पाऊल टाकवत नाही. ऐकण्याच्या पेशी गेल्या तर श्रवणयंत्र आहे, आणि तेही पुरेसं नसेल तर कॉक्लियात तारा बसवून मज्जातंतूला थेट विजेचे इशारे देणारं यंत्र आहे. तोलासाठी असं यंत्र अजून प्रयोगांच्या पातळीवरच आहे. तिथे उपयोगी पडतात ते व्यायाम. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर रोखून मान डावी-उजवीकडे हलवायची, मग वेग वाढवायचा, मग तेच उभं राहून, मग गादीवर उभं राहून. मेंदू हळूहळू डोळ्यांवर आणि तळपायांवर जास्त विसंबायला शिकतो. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घेतलं आणि रोज केलं, तर काही आठवड्यांत चालण्यात फरक दिसू लागतो, सत्तरीतल्या माणसांनाही.